पेशीचें कुळ आणि सारखेपणाचा चकवा

साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णा-वेण्णेचा संगम आहे, सांगलीजवळ हरिपुरास कृष्णा-वारणेचा. संगमाखालच्या पाण्याचा अमुक थेंब कोणत्या नदीचा, असें कोणी पुसत नाहीं. जीवशास्त्रज्ञांना मात्र गेलीं शंभर वर्षें असाच एक प्रश्न छळीत आहे.

मनुष्य, ऊंस, बुरशी यांच्या पेशींत आनुवंशिक द्रव्य पडद्याआड, केंद्रकांत असतें. सामान्य बॅक्टेरियांत तसा कप्पा नसतो. एदुआर शातों या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९२५ सालीं या दोन तऱ्हांना वेगळीं नांवें दिलीं. मग साध्या पेशींतून ही गुंतागुंतीची पेशी उपजली कशी?

वनस्पतींतील हरितकण मूळचे स्वतंत्र जीव असावेत, असें रशियांतील मेरेझ्कोव्स्की १९०५ सालींच लिहून गेला होता. १९६७ सालीं लिन मार्ग्युलिस या अमेरिकन विदुषीनें तो विचार पुन्हां मांडला. माइटोकॉन्ड्रियाही मूळचे बॅक्टेरियाच, असें सांगितलें. पुढें तें खरें ठरलें. पाहुण्याचें कुळ कळलें; यजमानाचें कळेना.

येथें गुंतागुंतीच्या बॅक्टेरियांनीं मोठी आशा लाविली. ऑस्ट्रेलियांतील एका धरणाच्या पाण्यांत सांपडलेल्या जेम्माटा या बॅक्टेरियांत आनुवंशिक द्रव्याभोंवतीं दुहेरी पडदा आहे, असें फ्यूर्स्ट व वेब यांनीं १९९१ सालीं जाहीर केलें. जणूं केंद्रकाचा पूर्वजच हातीं लागला! परंतु २०१३ सालीं त्रिमितीय चित्रण झालें, तेव्हां तो बंद कप्पा नसून आंतल्या पडद्याच्याच घड्या आहेत, असें दिसलें. वाद त्यानंतरही चालला. २०२२ सालीं ग्वादलूप बेटाच्या खारफुटींतील सुमारें एक सेंटिमीटर लांबीचा बॅक्टेरिया प्रसिद्धीस आला. त्याचें डीएनए खरोखरच पडद्याच्या पुड्यांत बांधलेलें असतें. तरीही कुळानें तो यजमानाजवळचा नव्हे. आपल्याकडे दहा गांवचे दहा कुलकर्णी एका घराण्याचे थोडेच असतात? काम एक, म्हणून नांव एक. माझ्या मतें या बॅक्टेरियांचा बोध एवढाच कीं, कप्पा करण्याची युक्ति निसर्गास एकाहून अधिक वेळां साधली आहे.

यजमानाचा माग दुसरीकडेच लागला. कार्ल वूझ यानें १९७७ सालीं बॅक्टेरियांपासून वेगळी काढलेली आर्किया ही शाखा; तिच्यांत २०१५ सालीं आर्क्टिक समुद्राच्या गाळांतून असें एक कुळ उमगलें, कीं ज्यांत केंद्रकवाल्या पेशींचींच म्हणून मानलेलीं कित्येक जनुकें होतीं. प्रत्यक्ष जीव मात्र कोणीं पाहिला नव्हता. जपानी संशोधकांनीं २००६ सालीं २५३३ मीटर खोलीवरून आणलेला चिखल बारा वर्षें जोपासला आणि त्या कुळांतील एक जीव वाढवून २०२० सालीं त्याचें वर्णन छापलें. पेशी अगदीं चिमुकली. बाहेर फांद्यांसारखे लांब हात पसरलेले, आणि आंत कप्पा एकही नाहीं.