बंधनृत्य

बंधनृत्य : ओडिशातील गोटिपुआ या नृत्यप्रकाराचे कसरतप्रधान अंग. ओडिया भाषेत ‘गोटि’ म्हणजे एक व ‘पुआ’ म्हणजे मुलगा. स्त्रीवेष धारण करून नाचणाऱ्या मुलास व त्याच्या नृत्यासही गोटिपुआ ही संज्ञा आहे. या नृत्यात शरीर वाकवून कमान, चक्र, मोर इ. आकृती साधल्या जातात; त्यांना ‘बंध’ म्हणतात. महेश्वर महापात्र यांच्या अभिनयचंद्रिका या संस्कृत ग्रंथात बंधांचा उल्लेख असून मयूर, गगन, तोरण, पद्मासन ही त्यांची काही नावे होत.

पुरीच्या जगन्नाथमंदिरात ‘माहारी’ या देवदासी नृत्यसेवा करीत. मुलांच्या नृत्याची परंपरा सामान्यतः सोळाव्या शतकात रूढ झाली, असे मानले जाते. तिच्या उगमाची दोन कारणे सांगितली जातात. चैतन्य महाप्रभू १५१० मध्ये पुरीस आले. त्यानंतर प्रबळ झालेल्या वैष्णव भक्तीत सखीभावास महत्त्व आले व पूजेच्या प्रसंगी स्त्रियांनी नाचणे काहींना अनुचित वाटू लागले, हे पहिले कारण. दुसरे कारण राजकीय आहे. १५६८ मध्ये ओडिशाचे स्वतंत्र राज्य लयास गेले आणि माहारींची परंपरा दुर्बळ झाली. पुढे खुर्द्याच्या रामचंद्रदेवाच्या काळात मुलांच्या नृत्यास उत्तेजन मिळाले. माहारींची सेवा मंदिरापुरती मर्यादित होती. गोटिपुआ मात्र चंदनयात्रा, झूलनयात्रा अशा उत्सवांतून लोकांसमोर नाचत. मुलांना आखाड्यांत शिकविले जाई. व्यायाम व नृत्य यांचा येथे जो संयोग झाला, त्यातच बंधांच्या विकासाचे मर्म आहे.

शिक्षणास पाचव्या-सहाव्या वर्षी आरंभ होतो. मुले बहुधा गुरुगृही राहतात. अंगास तेलाचे मर्दन करून सांधे मोकळे केल्यावर सराव सुरू होतो. मागे वाकून दोन्ही हात भूमीस टेकणे, ही अनेक बंधांची पायाभूत क्रिया होय. प्रथम गुरू किंवा वडील विद्यार्थी कमरेस आधार देतो. नंतर आधार काढून घेतला जातो. हात व पाय यांतील अंतर क्रमाक्रमाने कमी करीत नेले जाते. शरीर वाकले म्हणजे बंध साधला, असे नव्हे. त्या स्थितीत श्वास न कोंडता स्थिर राहणे, मर्दल या वाद्याच्या तालावर नेमक्या मात्रेला तेथे पोहोचणे व तेथून बाहेर येणे आणि हे करीत असता मुखावर कष्ट न दिसू देणे, या पुढच्या व अधिक कठीण पायऱ्या होत. अनेक मुले मिळून कृष्णलीलेतील प्रसंगांची समूहरचनाही करतात. तीत वरच्या मुलाचा तोल खालच्यांच्या स्थैर्यावर अवलंबून असल्याने एकाची चूक सर्वांना भोवते.

बालवयात सांध्यांचे बंधक लवचिक असतात व देहभार कमी असल्याने हातांवर तोलणे सुकर जाते. चौदाव्या-पंधराव्या वर्षाच्या सुमारास उंची वाढते, अंग ताठर होऊ लागते, आवाज फुटतो व स्त्रीवेष शोभेनासा होतो. त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या परिश्रमाने मिळविलेले कौशल्य ऐन सिद्धीच्या वेळी सोडावे लागते. शिवाय पाठीच्या कण्यास वारंवार मागे वाकविण्याने कमरेच्या मणक्यांना इजा होऊ शकते, हे व्यायामपटू मुलांच्या वैद्यकीय तपासण्यांतून दिसून आले आहे. म्हणून कोणत्या मुलास किती व केव्हा वाकवावे, हे ओळखणे गुरूच्या कौशल्याचा महत्त्वाचा भाग ठरतो. तमाशातील नाच्या पोऱ्याही स्त्रीवेषात नाचे. तथापि त्याच्या नृत्यात बंधांसारख्या कसरतींना असे मध्यवर्ती स्थान नव्हते.

नर्तकाचे वय संपले, तरी विद्या संपली नाही. पुरीजवळच्या रघुराजपूर येथे जन्मलेले केलुचरण महापात्र (१९२६–२००४) बालपणी गोटिपुआ होते. १९५० नंतरच्या दशकात ओडिसी नृत्याला शास्त्रीय रूप देणाऱ्या गुरूंत त्यांची गणना होते. २००० मध्ये त्यांना ‘पद्मविभूषण’ हा किताब मिळाला. त्यांच्या शिष्या झेलम परांजपे यांनी १९८९ मध्ये मुंबईत ‘स्मितालय’ ही नृत्यसंस्था स्थापन केली. ओडिसीने गोटिपुआतील अभिनय व पदन्यास यांचा वारसा घेतला. बंधांना मात्र तीत गौण स्थान मिळाले. बंधनृत्य मुख्यतः गोटिपुआ मंडळांतच टिकून राहिले. रघुराजपूरचे गुरू मागुणी दास यांनी स्वतःची संस्था काढून अनेक मुलांना ते शिकविले. २००४ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. पटचित्रांसाठीही प्रसिद्ध असलेले हे गाव २००० मध्ये वारसाग्राम म्हणून निवडले गेले. मंचावरील नर्तक दर काही वर्षांनी बदलत असल्याने या कलेचे सातत्य पूर्वी नाचलेल्या व आता शिकविणाऱ्या प्रौढांवरच अवलंबून आहे.