मजुरीत लाकूड धरू नये

पवन मावळात झाडाच्या कामाबद्दल एक समज इतका रुळला आहे की तो समज आहे हेही कुणाला जाणवत नाही. तिकोणा पेठेतल्या एखाद्या तरुणाने झाडं उतरवण्याच्या धंद्यात पडायचं ठरवलं, की त्याला मिळणारा सल्ला ठरलेला असतो: कटर मोठं घे, पट्टी लांब घे, बाकीचं अंगातल्या बळावर निभतं. आणि मजुरी? लाकूड आपलं, वर मालकाने चार पैसे दिले तर दिले. हे दोन वेगवेगळे सल्ले वाटतात. खरं तर दुसऱ्याच्या पोटातूनच पहिला निघतो, आणि दोन्ही धंदा बुडवणारे आहेत.

पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. पवना धरणाच्या काठाने बंगले, फार्महाऊस आणि तंबू वाढले. इथला पाऊस कसा असतो ते सांगायला नको. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळून घाट चढून मावळात आलं, आणि पॉलिहाऊसच्या कागदासकट झाडंही आडवी करून गेलं. तेव्हापासून छपरावर झुकलेली फांदी दिसली की मालकाला मे महिन्यात झोप लागत नाही. पण ती उतरवायला पैसे मोजायचे म्हटलं की तोच मालक म्हणतो, ‘एवढं लाकूड नेतोस, वर पैसे कशाचे?’ लाकडाला गिऱ्हाईक आहे: सरपण आहे, तंबूवाल्यांची शेकोटी आहे. गाठीला भांडवल नसलेल्या पोराला संध्याकाळी हातात रोकड देणारी वस्तू तीच. मोठं यंत्र दुरून दिसतं, ऐकू येतं आणि गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. दोराकडे कोण बघतो? शिवाय सगळ्यात वजनदार मुद्दा म्हातारी माणसं काढतात. आमच्या बापजाद्यांनी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, दरसाल ऐन-किंजळाचं कवळ तोडलं, कोयता कमरेला आणि पाय अनवाणी. झाडंही जगली, माणसंही जगली.

यातला लाकडाचा मुद्दा आधी घेतो, कारण गाठ तिथेच आहे.

ज्याची मजुरी लाकडात आहे, त्याची नजर जाड फांदीवर जाते. यात लबाडी नाही, हिशोब आहे. छपरावरच्या जांभळाला खरी गरज कशाची असते? वाळलेल्या फांद्या काढायच्या, एकमेकींवर घासणारी एखादी काढायची, छपराकडे लांबलेल्या फांदीचं टोक एखाद्या सशक्त उपफांदीपर्यंत मागे घ्यायचं. दिवसभराच्या या नाजूक कामातून निघतो तो पाटीभर काटक्यांचा ढीग. उलट शेंडाच उडवला तर टेम्पो भरतो. म्हणजे झाडाचं हित आणि कामगाराचं पोट यांची तोंडं आपण विरुद्ध दिशांना बांधली, आणि मग म्हणायचं की यांना झाडाची कदर नाही! जाड लाकूडच कापायचं ठरलं की लांब पट्टीचं यंत्र लागणार, हे ओघानेच आलं. यंत्राची निवड झाडाने केलेली नसते, मजुरीच्या रीतीने केलेली असते.

तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी बसून बोलतो आहोत, तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण काढायला हरकत नाही. १७१५च्या सुमाराच्या या ग्रंथात आरमाराच्या लाकडाची चर्चा आहे. आंबा-फणस उपयोगी असले तरी रयतेची ती झाडं तोडू देऊ नयेत, आणि एखादं फारच जीर्ण झालेलं झाड घ्यायचंच असेल तर धन्याला राजी करून त्याची किंमत द्यावी, असा त्याचा आशय. हा उतारा पर्यावरणदिनाच्या भाषणांत हमखास येतो. मला त्यातला व्यवहार जास्त मोलाचा वाटतो: लाकडाला स्वतंत्र किंमत आहे आणि ती मालकाला मिळायची आहे. तोडणाऱ्याचं वेतन तिच्यात मुरवलेलं नाही.

आता राबाचा युक्तिवाद. तो खरा आहे, पण लागू नाही. कवळ तोडणारा मनगटाएवढ्या किंवा त्याहून बारीक फांद्या तोडत असे, झाड तरुण असल्यापासून, वर्षाआड किंवा दरवर्षी, त्याच त्याच जागी. ऐन आणि किंजळ ही तोडल्यावर जोमाने फुटणारी झाडं, बांधावर उभी. फांदी मोडली तरी खाली भात. बंगल्याशेजारचा पर्जन्यवृक्ष किंवा गुलमोहर वीस-पंचवीस वर्षं हात न लावता वाढू द्यायचा आणि मग एका सकाळी मांडीएवढी खोडं अर्ध्यात कापायची, याला त्या परंपरेचा आधार देता येत नाही.

शेंडा कापल्यावर नेमकं काय होतं ते अमेरिकेच्या वनसेवेतल्या ॲलेक्स शिगो यांनी दाखवून दिलं. हा माणूस हजारो खोडं चेनसॉने उभी चिरून आतली कूज कुठवर गेली ते पाहत असे. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तिकेतला गाभा असा: झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड जखमी भागाभोवती भिंती उभ्या करून कूज कोंडून ठेवतं आणि बाहेरून नवं लाकूड घालत जातं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं. या भिंतींची खरी ताकद तिथे. कड्याच्या लगत बाहेर कापलं तर कूज बहुधा तिथेच अडते. खोड मध्येच कापलं तर असं कडंच नसतं आणि कूज खाली उतरत जाते. त्या कुजत्या थोटकाच्या काठावरून पाच-दहा फुटवे सरळ वर जातात. ते आतून रुजलेले नसतात, वरच्या थरालाच धरून असतात. दोन-तीन पावसाळ्यांत झाड पूर्वीइतकंच, बहुधा जास्तच, दाट होतं आणि वारा पूर्वीइतकाच अडवतं. फरक एवढाच की आता त्या फांद्यांचा पाया कुजका असतो. कापल्या जागी डांबर किंवा ऑइल पेंट फासण्याने यात काही बदलत नाही. त्याने मालकाच्या मनाला बरं वाटतं इतकंच. (आंबेवाले बोर्डो पेस्ट लावतात ती विशिष्ट बुरशीसाठी. तो वेगळा विषय.)

आणि पुष्कळ झाडं फांदी मोडून पडतच नाहीत, मुळासकट उलथतात. प्लॉट सपाट करताना जेसीबीने एका बाजूची मुळं तोडलेली असतात, कंपाउंडचा पाया उरलेल्यांतून गेलेला असतो, आणि जुलैत माती चिखल होते. अशा झाडाचा शेंडा उतरवून बिल लावणं म्हणजे पाय मोडलेल्याचे केस कापणं. पैसे घेण्याआधी बुंध्याभोवती एक फेरी मारून माती कुठे उचलली गेली आहे, कुठे भेग पडली आहे, बुंध्याशी अळंबी आली आहे का, हे पाहायला यंत्र लागत नाही.

लाकूड मजुरीतून काढलं की अवजारांची यादीच पालटते, आणि माझं मंडन इथून सुरू होतं. बाजारात दहा हजारांच्या आत मिळणारं ५८ सीसीचं, २२ इंची पट्टीचं यंत्र जमिनीवरच्या ओंडक्यासाठी ठीक आहे. झाडावर ते तेल-पेट्रोलासकट सहा-सात किलोंचं ओझं होतं. पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की ते उसळून तोंडाकडे येतं, आणि फांदीवर मागे सरकायला जागा नसते. वरच्या कामाचा मोठा भाग हातकरवतीने होतो. फाल्कनची किंवा तशीच ओढीची वाकडी करवत, म्यानासकट, मनगटाएवढ्या फांदीला पुरते, तिचा काप साफ येतो आणि ती दोर कापत सुटत नाही. फांदी मोठी असेल तर तीन काप: कड्यापासून हातभर बाहेर खालून तिसरा हिस्सा, मग त्याच्या किंचित पुढे वरून, म्हणजे फांदी साल न सोलता तुटून जाते, आणि शेवटी उरलेलं थोटूक कड्यालगत. घाईत पहिला काप गाळला की साल खोडावर दोन फूट फाटत जाते.

यंत्र घ्यायचंच असेल तर त्याआधी गोल कानस घ्यावी. ०.३२५ पिचच्या साखळीला ४.८ मिलिमीटरची लागते. धारेची परीक्षा सोपी आहे: चांगली साखळी खवले पाडते, बोथट साखळी पीठ. पीठ पडायला लागल्यावरही दाबून कापणारा माणूस यंत्राला शिव्या देतो आणि पुढच्या वर्षी आणखी सीसीचं घेतो.

सगळ्यात मोठा पैसा मात्र दोरात आणि पट्ट्यात घालावा. इथल्या पोरांना हे परकं नाही. तिकोणा-तुंगला लोक घेऊन जाणाऱ्यांना प्रुसिकची गाठ डोळे मिटून येते, आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र संस्थेच्या बचावकामांमुळे दोर-हार्नेस या भागात सगळ्यांच्या ओळखीचे झाले आहेत. पण कड्यावरचा हार्नेस पडणाऱ्याला झेलण्यासाठी असतो. झाडावर तासन्‌तास मागे रेलून काम करायचं असतं, त्याला कमरेच्या दोन्ही बाजूंना कड्या असलेला बैठा पट्टा लागतो. चेनसॉ चालू असताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा, आणि त्यातला एक बांध आतून तारेचा. साध्या दोराला साखळी नुसती टेकली तरी तो गेला. फांदी उतरवायचा दोर आणि माणूस चढायचा दोर कधीही एक नसावा. रंग उडालेली प्लास्टिकची दोरी माणसाच्या वजनासाठी वापरणाऱ्याशी मी वादच घालत नाही.

विजेच्या तारांबद्दल एकच गोष्ट. वायरमनने ‘लाइन बंद केली’ म्हटलं तरी ती अर्थिंग होईपर्यंत जिवंतच समजावी. या भागात कॅम्पसाइटवर जनरेटर आहेत. चुकीच्या जोडणीतून उलटा प्रवाह तारेत येऊ शकतो.

कागदपत्रं कंटाळवाणी असली तरी टळत नाहीत. लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा, ग्रामीण भागात १९६४चा वृक्षतोड नियमन कायदा. या दुसऱ्या कायद्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, साग ही मावळातली रोजची झाडं आहेत. परवानगी मालकाने काढायची आणि तिची प्रत कामाआधी आपल्या हातात हवी. लाकूड मजुरीत घेणाऱ्याची इथे दुहेरी कोंडी होते: परवानगी नसली तर तोडणाराही तोच आणि माल गाडीत घालून नेणाराही तोच. हाताखाली माणूस घेतला आणि त्याला इजा झाली तर नुकसानभरपाईची कायदेशीर जबाबदारी आपली. विम्याला पैसे नाहीत हे कारण पूर्णपणे चालत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. ते पुरेसे नाहीत, पण शून्यही नाहीत.

‘हे सगळं ऐकून गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल’ हा शेवटचा आक्षेप उरतो. काही जातील. त्यांना थांबवायची रीत म्हणजे चिठ्ठीवर दोन रकमा वेगळ्या लिहिणं: कामाची मजुरी इतकी, लाकूड मालकाने ठेवलं तर काही नाही, आम्ही नेलं तर त्याची किंमत इतकी वजा. फांद्या-पाला उचलायचा असेल तर त्याचे वेगळे. हिशोब उघडा झाला की मालकालाही दिसतं की शेंडा उडवून घेण्यात त्याचा फायदा नव्हता, आणि पुढच्या वर्षी तोच माणूस वाळलेल्या फांद्या काढायला बोलावतो. एकदा उडवलेला शेंडा टेम्पोभर लाकूड देतो खरा, पण पुढे फुटवे मोडायला लागले की शिव्याही तोडणाऱ्याच्याच नावाने येतात.

पहिल्या हंगामात हातात चार पैसे उरले की पुन्हा तोच सल्ला येतो: दुसरं कटर घे, दुसरी टोळी उभी कर. त्याआधी दुसरा दोर आणि दुसरा पट्टा घ्यावा, आणि खालच्या माणसाला वर चढायला शिकवावं. वर दोराला लटकलेला माणूस बेशुद्ध झाला तर त्याच्याजवळ काही मिनिटांत पोचावं लागतं. लोणावळ्याहून मदत यायला घाटरस्त्याने किती वेळ लागतो, हे तिकोणा पेठेत कुणालाही विचारावं.