१४ दिवस समुद्रात, १४ दिवस घरी: ऑफशोअर ड्युटीनंतरची सुट्टी नेमकी जाते कुठे?

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये इथे तेल सापडलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. इथल्या प्लॅटफॉर्मवरचे ओएनजीसीचे कर्मचारी साधारणपणे १४ दिवस ड्युटी आणि १४ दिवस सुट्टी अशा चक्रात काम करतात. जुहूहून हेलिकॉप्टरने जायचं, रोज १२ तासांची शिफ्ट करायची आणि दोन आठवड्यांनी परतायचं.

बाहेरच्यांना वाटतं, वर्षातले सहा महिने सुट्टीच! पण या सुट्टीचे पहिले काही दिवस थकवा भरून काढण्यातच जातात.

झोप का बिघडते?

आपल्या शरीरातलं घड्याळ मुख्यतः प्रकाशावर चालतं. प्लॅटफॉर्मवर जेवण, काम आणि झोप सगळं शिफ्टनुसार होतं. त्यामुळे सलग रात्रपाळी केली की शरीर हळूहळू रात्रीला सरावतं. उत्तर समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर झालेल्या अभ्यासांतही हेच दिसलं.

अडचण घरी आल्यावर सुरू होते. घर दिवसा जागं असतं आणि शरीराला दिवसाच झोप येते. हे घड्याळ साधारणपणे रोज तासाभराने सरकतं, त्यामुळे ते पूर्ववत व्हायला आठवडाही लागू शकतो. म्हणजे अर्धी सुट्टी संपली!

घरात काय घडतं?

दोन आठवडे शाळा, दवाखाना, लाइटबिल सगळं जोडीदार एकहाती सांभाळतो. मग दुसरा येतो आणि घराची घडी पुन्हा बदलते. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन या तेलउद्योगाच्या शहरात १९७० आणि ८० च्या दशकांत संशोधकांनी तेल कामगारांच्या पत्नींचा अभ्यास केला. नवऱ्याच्या या ये-जा करण्याचा मानसिक ताण त्यांच्यावरही येतो, असं त्यात आढळलं.

मग काय करायचं?

• रात्रपाळी संपवून परतल्यावर लगेच गाडी चालवू नका. कोल्हापूर, रत्नागिरीसारखा लांबचा पल्ला असेल तर ट्रेन किंवा बसने जा, नाहीतर आधी झोप काढा.

• पहिल्या दिवशी थोडी झोप घ्या, पण दिवसभर झोपू नका. नंतरचे दिवस उठण्याची वेळ रोज थोडी अलीकडे आणा आणि उठल्यावर उन्हात फिरा.

• पहिले दोन-तीन दिवस पाहुणे, लग्नकार्य, बँकेची कामं ठेवू नका. ती मधल्या आठवड्यात करा.

• घरी आल्या आल्या मुलांची शिस्त, घरखर्च यांत बदल सुचवू नका. आधी इथलं कसं चाललंय ते विचारा.

• मुलांसाठी कॅलेंडरवर जाण्या-येण्याच्या तारखांवर खुणा करा. शिफ्ट बघून फोनची एक वेळ ठरवा.

• दर सुट्टीत झोप लागत नसेल, चिडचिड किंवा उदासी टिकत असेल, तर डॉक्टरांना कामाच्या पाळ्यांसह सगळं सांगा.

कंत्राटी कामगारांच्या फेऱ्या याहून लांब असू शकतात आणि सुट्टीचा पगार मिळेलच असं नाही. त्यामुळे घरी आल्यावरही दुसरं काम धरावं लागतं आणि विश्रांती मागे पडते. अशा वेळी निदान पहिल्या दोन रात्रींची झोप तरी मोडू नये, एवढं घरच्यांनी मिळून ठरवायला हवं.