तळटीप : सीतेच्या बाजूने काढलेली चित्रे

१. येथे अभिप्रेत असलेले पुस्तक म्हणजे ‘सीताज रामायण’ (तारा बुक्स, चेन्नई, २०११). शब्द संहिता अर्णी यांचे, चित्रे मोयना चित्रकार यांची. मोयना बंगालमधील पटुआ परंपरेतल्या. पटुआ कागदाचा लांब पट उलगडत एकेका चित्रावर बोट ठेवून कथा गातात. त्यामुळे चित्रकार हाच कथेकरीही असतो, आणि कोणाचे दुःख मोठे काढायचे हे तोच ठरवतो. पुस्तकाची सुरुवात अयोध्येत होत नाही. टाकून दिलेली गरोदर सीता अरण्यात आसरा मागते, तिथे होते. लंकेचे युद्ध तिला तिच्यावर पहारा करणाऱ्या राक्षसी त्रिजटेकडून कळते. म्हणजे पराक्रम ऐकीव, आणि विधवा झालेल्या वालीची तारा व रावणाची मंदोदरी मात्र समोर. रविवर्म्याच्या छापील चित्रांनी घरोघरी पोचवलेली सोशिक, देखणी सीता डोळ्यांत भरलेल्या वाचकाला ही जाड रेषेची, मोठ्या डोळ्यांची सीता प्रथम ओबडधोबड वाटेल. वाटू द्यावी.

सीतेच्या बाजूने पाहण्याची ही दृष्टी आजच्या स्त्रीवादाने बाहेरून आणून चिकटवली, हा आक्षेप मात्र टिकत नाही. सोळाव्या शतकातल्या कवयित्री चंद्रावतीचे बंगाली रामायण सीतेचेच गाऱ्हाणे मांडते. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांतही सीतेचा वनवास रामाच्या विजयापेक्षा अधिक जागा घेतो. बंगाली लेखिका नवनीता देव सेन यांनी बायकांच्या रामायणांवरील लेखनात बंगाली, मैथिली व तेलुगू गीतांसोबत मराठी गीतेही विचारात घेतली आहेत.