हिंदू-तुर्क संवाद ते कलम २९५-अ : धार्मिक विडंबन आणि वाचनाचा प्रश्न

इस्लामविषयक व्यंग्यचित्रणावरून उद्भवणाऱ्या वादांची मराठीतील चर्चा बहुधा दोन ठरीव भूमिकांमध्ये विभागली जाते. पहिली भूमिका अभिव्यक्तिस्वातंत्र्य निरपवाद मानते आणि दुखावलेल्या श्रद्धेकडे केवळ मागासलेपणाचे लक्षण म्हणून पाहते. दुसरी भूमिका श्रद्धाविषयाला सर्व प्रकारच्या अर्थनिर्णयनापलीकडे ठेवते. विडंबन करणारी संहिता कोणत्या वाङ्मयप्रकारातील आहे, ती कोणाला उद्देशून आहे आणि जिचे विडंबन झाले त्या बाजूला त्या संहितेत बोलण्यास जागा आहे की नाही, हे प्रश्न दोन्ही भूमिकांना अप्रस्तुत वाटतात. वस्तुतः इतिहासाच्या दृष्टीने हेच प्रश्न निर्णायक ठरतात. त्यांचा मागोवा घेण्यास गोदाकाठचा प्रदेश विशेष उपयुक्त आहे. अंबड, घनसावंगी, परतूर हे आजच्या जालना जिल्ह्यातील तालुके गोदावरीच्या उत्तर तीरावर येतात, आणि नदीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. मराठीतील धार्मिक विडंबनाची सर्वांत धीट संहिता याच परिसरात, सोळाव्या शतकात, निर्माण झाली.

एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ भारुडांच्या परंपरेत मोडतो. त्यात दोन पात्रे परस्परांच्या धर्माची निर्भयपणे टवाळी करतात. तुर्काच्या तोंडी दखनी वळणाची भाषा आहे, हिंदूच्या तोंडी मराठी. पुराणकथांतील देवांचे वर्तन, मूर्तिपूजा आणि सोवळेओवळे यांवर तुर्क तुटून पडतो. ईश्वर सर्वत्र असेल तर पश्चिमेकडेच तोंड का करावे, जीवहत्येने पुण्य कसे लाभावे, हिंदूला बाटवून मुसलमान करावयाचे तर त्याला हिंदू म्हणून जन्मास घालण्यात देवाची चूक झाली काय, असे प्रश्न हिंदू विचारतो. वाद हातघाईवर येतो की काय असे वाटत असतानाच दोघांना आपापल्या बोलण्यातील एकांगीपणा उमगतो आणि संवादाचा शेवट आलिंगनात होतो. एलिनॉर झेलियट यांनी या रचनेचा अनुवाद आणि अभ्यास केल्यानंतर ती इतिहासकारांच्या चर्चेतही वारंवार येऊ लागली.

या संहितेचा आधार घेऊन आज एक सोपा युक्तिवाद केला जातो: जे एकनाथांना सोळाव्या शतकात चालले, ते विसाव्या-एकविसाव्या शतकात का चालू नये? हा युक्तिवाद संहितेच्या रचनेकडे दुर्लक्ष करतो. संवादातील प्रत्येक टोल्याला प्रतिटोला आहे. कोणत्याही पात्राला निरुत्तर श्रोत्यासमोर बोलण्याची मुभा नाही. शिवाय हिंदू पात्राचा रोख प्रामुख्याने आचारावर आणि त्यामागील तर्कावर आहे. भारुड हा सादरीकरणाचा प्रकार असल्याने बोलणारा आणि ऐकणारा एका जागी असतात. गैरसमज झाल्यास तो तिथेच प्रकट होऊ शकतो. सत्तेचा संदर्भही विसरता येत नाही. एकनाथांच्या काळी पैठण आणि दौलताबाद निजामशाहीच्या अमलाखाली होते, म्हणजे येथे शासकाच्या धर्माची थट्टा शासितांपैकी एकजण करीत होता. तीच थट्टा बहुसंख्याकाने अल्पसंख्याकाची केली तर शब्द तेच राहूनही उक्तीची कृती बदलते.

मात्र या रचनेचे आदर्शीकरणही टाळावयास हवे. दोन्ही आवाज एकाच लेखणीतून उतरले आहेत. तुर्काची बाजू कोणा मुसलमान कवीने लिहिलेली नाही, आणि शेवटचा समेट ज्या भूमीवर होतो ती अद्वैताची आहे. बाख्तिनच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे अनेक आवाज आहेत, पण अखेरचा शब्द कोणाचा हे आधीच ठरलेले आहे. याच जिल्ह्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या रामदासांच्या काव्यात मुसलमानी सत्तेविषयीचा सूर सर्वस्वी निराळा आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. गोदाकाठाने सहिष्णुतेचा एकमेव वारसा दिला असे नाही. त्याने एक वाङ्मयीन शक्यता दाखवून दिली: धर्माची चिकित्सा कठोर असू शकते, पण तिच्यात प्रतिपक्षाला उत्तराची जागा राखून ठेवता येते.

मुद्रणाच्या युगात ही जागा कशी नाहीशी झाली, याचे ठळक उदाहरण लाहोरचे आहे. १९२४ च्या सुमारास तेथे ‘रंगीला रसूल’ ही पुस्तिका लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली. प्रेषितांच्या वैवाहिक जीवनावरील या पुस्तिकेत स्तुतीचा आविर्भाव आणून उपहास साधला होता. खंडन-मंडनाच्या पुस्तिकांचे तेव्हा पेवच फुटले होते आणि प्रत्येक पुस्तिका स्वतःला मागच्या पुस्तिकेचे उत्तर म्हणवीत असे. पण हा उत्तरप्रत्युत्तरांचा क्रम संवाद नव्हता. प्रत्येक बाजू आपल्याच वाचकांसाठी लिहीत होती. प्रकाशक महाशय राजपाल यांच्यावर कलम १५३-अ खाली खटला झाला. १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दलीप सिंग यांनी त्यांची मुक्तता केली. पुस्तिकेचा द्वेषपूर्ण सूर त्यांना अमान्य नव्हता, पण दिवंगत धर्मसंस्थापकावरील टीका म्हणजे विद्यमान समाजांत वैर पसरविणे, असा कलमाचा अर्थ करता येत नाही, असे त्यांचे मत पडले. त्यावर उसळलेल्या क्षोभानंतर त्याच वर्षी दंडसंहितेत कलम २९५-अ समाविष्ट करण्यात आले. ६ एप्रिल १९२९ रोजी राजपाल यांचा खून झाला, आणि मारेकरी इल्मुद्दीन याला त्याच वर्षी फाशी देण्यात आली.

या कलमाची शब्दयोजना वाङ्मयसमीक्षकाने काळजीपूर्वक वाचण्याजोगी आहे. धार्मिक भावना दुखावल्या एवढ्याने गुन्हा होत नाही. अपमान हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेला असावा लागतो. विधेयकावरील चर्चेत महंमद अली जीना यांनी इतिहाससंशोधन आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा यांना संरक्षण राहिले पाहिजे, असे आग्रहाने प्रतिपादिले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरविले, तेही केवळ अपमानाच्या उग्र आणि दुष्ट हेतूच्या प्रकारापुरतेच ते लागू होते, या आधारावर. म्हणजे कायद्याने न्यायाधीशाकडे सोपविलेले काम मुळात वाङ्मयीन आहे: संहितेचा सूर ओळखणे, उपरोध आणि शिवीगाळ यांतील भेद करणे, निवेदकाचा हेतू भाषेतून निश्चित करणे.

मराठवाड्यात हा कायदा उशिरा आला. जालना तेव्हा हैदराबाद संस्थानच्या औरंगाबाद जिल्ह्यात होते. सभा-भाषणांवरील निर्बंधांसाठी ‘गश्ती निशाण ५३’ कुप्रसिद्ध होती. तेथे प्रश्न हेतूचा नव्हता, पूर्वपरवानगीचा होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी राजवट संपली आणि १९५१ मध्ये भारतीय दंडसंहिता या प्रदेशास लागू झाली. अशा रीतीने १९५० ची राज्यघटना आणि १९२७ चे कलम या दोन्ही गोष्टी जवळपास एकाच वेळी गोदाकाठी पोहोचल्या. बोलण्याचे स्वातंत्र्य आणि त्यावरील मर्यादा यांची ही जुळी आवक या प्रदेशाच्या सार्वजनिक जीवनाचा पाया ठरली. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा उर्दू आणि मराठी अशा दोन्ही लिप्यांतील वाचक तेथे शेजारी राहत होते, पण एकमेकांचे वाचन त्यांना बव्हंशी अपरिचित होते.

या अपरिचयाचे परिणाम २०१५ मधील दोन घटनांत दिसतात. ७ जानेवारी रोजी पॅरिसमध्ये ‘शार्ली एब्दो’ या व्यंग्यपत्राच्या कार्यालयावर झालेल्या हल्ल्यात १२ जण मारले गेले. १७ जानेवारीस ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीने बातमीसोबत त्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठाची प्रतिमा छापली. संपादक शिरीन दळवी यांनी जाहीर क्षमा मागितली. तरीही निरनिराळ्या ठाण्यांत तक्रारी दाखल झाल्या, त्यांना अटक होऊन जामिनावर सुटका झाली आणि मुंबई आवृत्ती बंद पडली. येथे विडंबन करणारी व्यक्ती संपादक नव्हतीच. वृत्तासाठी केलेले उद्धरण आणि स्वतःचे विधान यांतील भेद, जो वाचनाच्या पहिल्या पाठांपैकी एक होय, तोच पुसला गेला. आणि त्याची किंमत मुसलमान समाजातील, उर्दूत लिहिणाऱ्या एका स्त्रीला मोजावी लागली.

त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला ‘लोकमत’च्या ‘मंथन’ पुरवणीत ‘इसिस’च्या अर्थकारणावरील लेखासोबत एक चित्र आले. डुकराच्या आकाराच्या गल्ल्यावर त्या संघटनेच्या ध्वजावरील मुद्रा दाखविली होती. त्या मुद्रेत अल्लाह आणि महंमद ही नावे अरबी लिपीत असतात. जळगाव, धुळे, नंदुरबार आदी ठिकाणी दैनिकाच्या कार्यालयांवर हल्ले झाले आणि दैनिकाने क्षमायाचना केली. हल्ले सर्वस्वी निषेधार्हच होते. तथापि चिन्हमीमांसेच्या दृष्टीने हे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. डुकराच्या आकाराचा गल्ला ही पाश्चात्त्य चित्रपरंपरेतील आयती खूण. मराठी घरातील गल्ला मातीचा आणि गोल. आयात खुणेत डुक्कर केवळ बचतीचे प्रतीक असते. इस्लामी परंपरेत ते निषिद्ध. दुसरीकडे, ती मुद्रा त्या संघटनेची नव्हेच. श्रद्धावंतांच्या पवित्र चिन्हाची तिने केलेली ती चोरी होती. चित्रकाराचा रोख चोरावर होता. अरबी लिपी ओळखणाऱ्या वाचकास मात्र आपल्याच पवित्र नावांची विटंबना दिसली. लिपी न वाचणाऱ्यांनी घडविलेले चित्र लिपी वाचणाऱ्यांच्या हाती पडले, आणि या दोहोंमध्ये मध्यस्थी करू शकेल असा वाचक छपाईपूर्वी तेथे नव्हता. कलम २९५-अ ज्याला दुष्ट हेतू म्हणते तो अशा अज्ञानात शोधणे व्यर्थ होय.

या दोन प्रकरणांसमोर न्यायालयीन वाचनाचे एक उदाहरण ठेवता येते. इस्लामवरील एका इंग्रजी पुस्तकावर महाराष्ट्र शासनाने २००७ मध्ये बंदी घातली. जानेवारी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ती कायम केली. पण इस्लामसह कोणत्याही धर्माची चिकित्सा करण्याचा अधिकार घटनेने दिलेला आहे, हे तत्त्व मान्य करूनच. पुस्तक चिकित्सेच्या मर्यादेबाहेर जाऊन समाजाविरुद्ध द्वेष चेतविते, असा निष्कर्ष पीठाने काढला. निष्कर्षाशी असहमती असू शकते; संहिता वाचून तो काढला गेला, ही बाब महत्त्वाची. जमाव संहिता वाचत नाही. २४ फेब्रुवारी १९८९ रोजी मुंबईत रश्दींच्या कादंबरीविरोधी मोर्चावर झालेल्या गोळीबारात १२ जण मृत्युमुखी पडले. त्या कादंबरीची आयात ऑक्टोबर १९८८ मध्येच बंद झालेली असल्यामुळे तिची संहिता हाती असणारे तेथे विरळाच होते.

१ जुलै २०२४ पासून कलम २९५-अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ने घेतली आहे. क्रमांक बदलला, आशय तोच राहिला. तक्रारीची प्रक्रिया हीच शिक्षा ठरण्याचा धोकाही तसाच आहे, आणि तो सर्वाधिक जाणवतो तो धर्माच्या आतून बोलणाऱ्यांना. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे हमीद दलवाई मराठीत लिहीत होते, आणि मुसलमान म्हणून मुसलमानांशी वाद घालत होते. एकनाथांच्या संवादात जी गोष्ट नव्हती, म्हणजे तुर्काच्या बाजूने स्वतः लिहिणारी लेखणी, ती दलवाईंच्या रूपाने मराठीला मिळाली. अशा लेखणीचे रक्षण करावयाचे असेल तर बहुसंख्याकांनी तिचा शस्त्र म्हणून वापर करणे आणि स्वकीयांनी तिला द्रोह ठरविणे, ही दोन्ही वाचने चुकीची आहेत हे समीक्षेला सांगता आले पाहिजे. विडंबनाला उत्तराची जागा हवी, तशीच उत्तर देणाऱ्यालाही सुरक्षितपणे बोलता आले पाहिजे. गोदाकाठच्या त्या भारुडातील दोघे परस्परांना भिडतात, कारण दोघांपैकी कोणालाही उठून जावे लागत नाही.