काचेतला समुद्र: स्वस्तातल्या रीफ टँकची पावणेदोनशे वर्षांची गोष्ट

आजचा भाग एका मेलेल्या माशापासून सुरू करतोय, त्याबद्दल आधीच सॉरी.

तर झालं असं, की दोन वर्षांपूर्वी मी घरी समुद्री टँक लावायचं ठरवलं. गोड्या पाण्याचा नाही, खाऱ्या. व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलं होतं. निळा लाइट, डुलणारे प्रवाळ आणि मधोमध नेमो. बजेट मात्र नुकतीच नोकरी लागलेल्या माणसाचं. एका ओळखीच्याकडून वापरलेला टँक मिळाला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. वाळू आणि दगड घातल्यावर त्यात साधारण ५० लिटर पाणी मावतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे मला हवं होतं पावणेदोन किलो मीठ. स्वयंपाकाचं नव्हे, टँकसाठी मिळतं ते. किचनमध्ये वजनकाट्यावर मोजत होतो तेव्हा आई म्हणाली, "लोणचं घालतोयस का रे?"

दुकानातले काका म्हणाले होते, दोन दिवस पंप चालू ठेव, पाणी सेट होतं. मी तीन ठेवला, जास्त शहाणा म्हणून. मग क्लाउनफिश आणला. चौथ्या दिवशी तो तळाशी आडवा. पाणी इतकं नितळ होतं, की पलीकडचं कॅलेंडर वाचता यावं. मग मेला कशाने?

हे शोधता शोधता मी १८४६ सालात जाऊन पोचलो.

इंग्लंडमध्ये टॉर्की नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे सुट्टीला आलेल्या ॲना थिन ह्या बाईंना खडकांवर छोटे, कपासारखे प्रवाळ दिसले. थंड पाण्यातले प्रवाळ, आपल्या व्हिडिओतले रंगीबेरंगी नव्हेत. बाई लंडनच्या. नवरा वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये बडा धर्माधिकारी. त्यांनी ठरवलं, हे जिवंत लंडनला न्यायचे. प्रवासात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांनी ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजवर टाके घालून बसवले आणि समुद्राच्या पाण्याच्या बरणीत ठेवले. मला हे फार आवडतं. एकही उपकरण नाही, फक्त शिवणाचा डबा.

(पहिला नंबर कुणाचा, ह्यावर वाद घालणाऱ्यांसाठी: १८३२ मध्येच सिसिलीतल्या मेसिना गावी जान विलप्रू-पॉवर ह्या फ्रेंच बाईंनी काचेच्या टाक्या करून त्यात आर्गोनॉट नावाचा ऑक्टोपसचा भाऊबंद पाळला होता. तो आपलं कवच स्वतःच बनवतो, दुसऱ्याचं चोरत नाही, हे त्यांनी त्यातून सिद्ध केलं. आधी त्या पॅरिसमध्ये कपडे शिवायच्या. पुन्हा सुईदोराच! पण समुद्र त्यांच्या दारात होता. थिनबाई होत्या लंडनमध्ये.)

लंडनमध्ये समुद्राचं पाणी मोजकंच. ते साठवलं की शिळं होतं, त्यातला ऑक्सिजन संपतो. पंप नाही, वीज नाही. मग काय केलं? उघड्या खिडकीपाशी उभं राहून पाणी ह्या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायचं. आपण चहा गार करतो तसं. एका वेळेला अर्धा-पाऊण तास.

आणि ओतत कोण होतं? बाई नाहीत. त्यांच्या घरातली एक लहान मोलकरीण. हा सगळा प्रयोग थिनबाईंनी नंतर लिहून काढला आणि तो १८५९ मध्ये छापून आला. त्यात त्या मान्य करतात की काम दमवणारं होतं, पण म्हणतात, मुलीला त्याची गंमतच वाटायची. असेल बुवा. मुलीला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. आज माझ्या टँकच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा पंप पाणी ढवळत असतो. तो बघितला की मला ती खिडकीत उभी दिसते. रीफ टँकचा पहिला पंप तीच.

१८४७ मध्ये थिनबाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ घातलं. त्यानंतर शेवाळ ऑक्सिजन देत राहिलं आणि त्यांच्या बरणीत जवळजवळ तीन वर्षं जीव टिकले, प्रवाळांची संख्यासुद्धा वाढली.

आता बजेटचा मुद्दा. हे सगळं नेमकं तेव्हाच का घडलं? एक साधं कारण म्हणजे काच. इंग्लंडमध्ये जवळपास १०० वर्षं काचेवर वजनाप्रमाणे कर होता. जाड काच म्हणजे जास्त कर, आणि पाण्याची टाकी करायला जाड काचच लागते. १८४५ मध्ये तो कर रद्द झाला. काच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. दुसरं कारण रेल्वे. शनिवारी बसा, किनाऱ्यावर उतरा, बरण्या भरून परत या.

मग आले फिलिप हेन्री गॉस. ह्या माणसाने १८५४ मध्ये 'द ॲक्वेरियम' नावाचं पुस्तक लिहिलं आणि तो शब्द घरोघरी पोचवला. त्याआधी वर्षभर, १८५३ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं होतं. पण माझ्यासारख्याला गॉस महत्त्वाचे वाटतात ते वेगळ्या कारणाने. समुद्रापासून लांब राहणाऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न त्यांनी सोडवला. कुणीतरी समुद्राच्या पाण्याचं रासायनिक पृथक्करण करून ठेवलेलं होतं. त्यावरून त्यांनी पाककृती बसवली. आजच्या मापात सांगतो: साडेचार लिटरपेक्षा किंचित कमी पाणी, साधारण १०० ग्रॅम साधं मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम क्लोराइड. बस, चार वस्तू. चुना घातलाच नाही, कारण तळाशी शिंपल्यांचे आणि प्रवाळाचे तुकडे असतील, त्यातून मिळेल असा हिशोब. आणि पाणी तयार झाल्यावर आधी शेवाळ सोडलं, प्राणी काही दिवसांनी. (माझ्या आधी १७० वर्षं माणसाला हे कळत होतं.)

ही पाककृती आज घरी करू नका हं. रीफच्या प्राण्यांना लागणाऱ्या कितीतरी गोष्टी त्यात नाहीत. पण माझ्या पावणेदोन किलो मिठाची आजी तीच.

पुढे जे झालं ते ठरलेलंच. फॅड आलं. दिवाणखान्यात टाकी नसेल तर तुम्ही मागासलेले. झुंडी किनाऱ्यावर जाऊन हातोडी-छिन्नीने खडक खरवडू लागल्या. घरी आणलेलं बहुतेक सगळं काही दिवसांत सडायचं, म्हणून पुन्हा किनाऱ्यावर. १८६० च्या दशकात फॅड ओसरलं, तोवर डेव्हनच्या किनाऱ्यावरची खडकातली पाण्याची डबकी ओसाड पडली होती. गॉस यांचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये 'फादर अँड सन' ह्या आठवणींच्या पुस्तकात ह्याबद्दल लिहिलंय. वडिलांना त्याचं किती दुःख झालं तेही लिहिलंय. ज्या माणसाने त्या डबक्यांवर सगळ्यात जास्त प्रेम केलं, त्याचीच पुस्तकं वाचून लोक तिथे गेले होते.

पण मुद्दा राहिलाच, माझा मासा का मेला? त्यासाठी अजून एक बाप-लेकाची जोडी. मला विचाराल तर ह्या भागातली सगळ्यात भारी गोष्ट हीच.

रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ. १८४९ मध्ये त्यांनी एका भांड्यात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. थोड्या दिवसांनी वनस्पतीची पानं कुजायला लागली, पाणी गढूळ. मग त्यांनी गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, पाणी नितळ झालं आणि टाकी चालू राहिली. १८५० मध्ये त्यांनी हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं: मासे, वनस्पती, गोगलगायी, असा तिघांचा संसार. नंतर त्यांनी खाऱ्या पाण्यातही हे जमवलं.

फक्त त्या संसारात चौथा मेंबर होता, आणि तो त्यांना दिसला नव्हता. मासा श्वास घेतो, खातो, शी करतो, त्यातून अमोनिया बनतो. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी नितळच राहतं आणि मासा मात्र गुदमरतो. माझ्या टँकमध्ये हेच झालं होतं.

१८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्युंत्झ ह्या दोन फ्रेंच संशोधकांनी एक प्रयोग केला. वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून गटाराचं पाणी हळूहळू झिरपत ठेवलं. सुमारे २० दिवस काहीच नाही. मग अचानक अमोनिया नाहीसा व्हायला लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसायला लागलं. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्म सोडलं, काम बंद. नंतर थोडी माती पाण्यात कालवून ते पाणी आत सोडलं, काम परत सुरू. म्हणजे हे कुणीतरी जिवंत करत होतं.

आणि ह्या धाग्याला पुढे इंग्लंडमध्ये कुणी हात घातला? रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करणारे रॉबर्ट वॉरिंग्टन. गोल्डफिशवाल्यांचा मुलगा, नावही तेच. त्याने दाखवलं की हे काम दोन टप्प्यांत होतं: अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट, आणि दोन्ही टप्पे वेगवेगळे जीव सांभाळतात. तो शेतातल्या मातीचा अभ्यास करत होता, टाकीचा नाही. वडील तोवर वारले होते. बापाची टाकी का टिकली, ह्याचं अर्धं उत्तर मुलाच्या नळ्यांमध्ये होतं. १८९० मध्ये विनोग्रॅड्स्कीने ते जिवाणू वेगळे करून दाखवले.

ते २० दिवस लक्षात ठेवा. आज टँकवाले ज्याला 'सायकल' म्हणतात ते हेच. नवीन टँकमध्ये हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. ह्याला पैसे लागत नाहीत. कुणा ओळखीच्याच्या जुन्या, निरोगी समुद्री टँकमधला स्पंज मिळाला तर लवकर होतं, म्हणजे त्या फ्रेंच लोकांनी मातीचं पाणी सोडलं तसंच. दुकानातल्या काकांनी मला दोन दिवस सांगितले, पण राग त्यांच्यावर किती काढणार? घाई मलाच होती.

आपल्याला आज जी रीफ दिसते, तिच्यापर्यंत यायला अजून ७० वर्षं गेली. जकार्तामधले ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातून आणलेला, जिवाणू आणि किड्यामुंग्यांएवढ्या जिवांनी भरलेला खडक, थोडे हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश. फिल्टर नाही. उष्ण समुद्रातल्या बऱ्याच प्रवाळांच्या अंगात शेवाळ राहतं, म्हणून त्यांना ऊन लागतंच. फॅन्सी यंत्रं विकणाऱ्या जगात ह्या माणसाने सगळ्यात साधं उत्तर दिलं. त्याच दशकात सिलिकॉनने चिकटवलेल्या, लोखंडी चौकट नसलेल्या काचेच्या टाक्या आल्या आणि पाकिटातलं समुद्री मीठ बाजारात आलं. पुढे जर्मन हौशी मंडळींनी जिवंत खडकाला स्किमरची आणि चुन्याच्या निवळीची जोड दिली.

पण ली चिन एंग यांच्या दारात समुद्र होता आणि खडक फुकट. तो फुकट खडक नंतर जगभर विकला जाऊ लागला, आणि डेव्हनचीच गोष्ट उष्ण समुद्रात सुरू झाली.

आपल्याकडे काय? मुंबईत १९५१ पासून मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय होतं. शाळेच्या सहलीत तुम्हीही गेला असाल. आता गेली काही वर्षं ते बंद आहे. आणि प्रवाळ म्हणाल तर ते लांब लक्षद्वीपलाच असतात असं समजू नका. मालवणला आहेत. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्रेंच्या नावाचा आंग्रिया बँक आहे, तिथे आहेत. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरही आहेत. कोस्टल रोडच्या कामात आलेल्या १८ वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. ओहोटीला तिथे चालताना पायाखाली काय आहे ते बहुतेकांना माहीत नसतं.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. २००१ पासून आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. किनाऱ्यावरून तोडणं गुन्हा आहे आणि शोभेसाठी विकला जाणारा मेलेला पांढरा तुकडाही त्यात येतो. 'दादा, मालवणवरून लाइव्ह रॉक आणू का', असे मेसेज मला येतात. नाही. आणू नका.

माझा दुसरा प्रयत्न मी सिरॅमिकच्या दगडांवर केला. दुकानात 'रीफ रॉक' नावाने काय विकतात ते विचारूनही नीट कळेना, म्हणून. आरओचं पाणी, मीठ, हीटर नाही (मुंबईत हीटर कशाला, उन्हाळ्यात उलट पाण्यावर छोटा फॅन लावावा लागतो), एक पंप, आणि कोळंबीचा एक तुकडा पाण्यात कुजायला. घरात दोन दिवस वास होता, आईने जे काय ऐकवलं ते इथे सांगत नाही. टेस्ट किटमध्ये अमोनिया चढला, मग नायट्राइट चढलं, मग दोन्ही शून्यावर आली. पाच आठवडे लागले. त्यानंतर क्लाउनफिश आणले, हॅचरीत जन्मलेले. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचं प्रजनन कधीच जमवलंय, त्यामुळे समुद्रातून पकडलेले घ्यायची गरज नाही. प्रवाळ एकही नाही. त्याला रीफ टँक म्हणायचं का, हे तुम्ही ठरवा. दीड वर्ष झालं, दोघेही जिवंत आहेत.

फॅनमुळे पाणी भराभर उडतं. मीठ उडत नाही, म्हणून रोज गोडं पाणी घालून पातळी जुळवावी लागते, नाहीतर खारटपणा वाढत जातो. मी सकाळी साडेसातला घर सोडतो. ते पाणी आई घालते, रोज दुपारी, एक तांब्या, हळूहळू. हा भाग लिहीपर्यंत ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. परवा तिला विचारलं, तुला ह्याचा कंटाळा येतो का? ती म्हणाली, "मे महिन्यात मी मामाकडे जाणार आहे पंधरा दिवस. तेव्हा कोण घालणार, ते बघ आधी."

आपोआप पाणी सोडणारा छोटा पंप मिळतो बाजारात. आज ऑर्डर करतोय.