मोकळ्या हातानं न गेलेली मैत्रीण



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली. हप्ते जमा झाले, वही मिटली आणि चहा येईपर्यंत एका ताईंनी मोबाइल काढला. "रात्री डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून मुलीनं हे लावून दिलंय, ऐका जरा," म्हणाल्या. पाऊस पडत होता आणि पावसाच्या मागं कुठंतरी संथ सूर चालू होते. शब्द नाहीत, ठेका नाही, कुठं सुरू झालं आणि कुठं संपणार तेही कळेना. पण पाच मिनिटं कुणी बोललं नाही, आणि आमच्या बैठकीत असं होत नाही! लगेच दोघी-तिघींनी ते व्हॉट्सॲपवर मागून घेतलं. तेवढ्यात एकीनं विचारलं, "वाजवलंय कुणी?" कुणालाच सांगता आलं नाही.

तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. असल्या संगीताला इंग्रजीत ॲम्बियंट म्हणतात. आपण भोवतालचं संगीत म्हणू. दिवा जसा कोपऱ्यात जळत असतो, आपण त्याच्याकडं बघत बसत नाही, पण त्याच्या उजेडात सगळं करतो, तसं हे संगीत. ते आलं कुठून, याची गोष्ट आज सांगते.

सूर लावून काम करणं आपल्याला नवीन नाही. पहाटे जात्यावर बसून आपल्या आज्यांनी दळण दळलं ते ओव्या म्हणतच. जात्याची घरघर हीच त्यांची साथ. ऐकायला कुणी बसवलेलं नसायचं. समोर बसलेली जाऊ नाहीतर सासू, आणि आत झोपलेली पोरं. त्या ओवीचा वेग बाईच्या हाताचा होता. हात दमला की ओवीही हळू व्हायची. पिठाची गिरणी गावात आली आणि जातं भिंतीला टेकलं. जात्याबरोबर ओवीही मागं पडली. गिरणीला मी नावं ठेवत नाही. पायलीभर दळण हातानं दळायला आज आपल्यापैकी एकही तयार होणार नाही.

गिरण्या-कारखान्यांच्या काळात मात्र सुराचा वेग दुसऱ्याच्या हातात गेला. अमेरिकेच्या लष्करात जॉर्ज स्क्वायर नावाचे मोठे अधिकारी होते. तारेवरून संगीत घरोघर, दुकानोदुकानी पोचवायची युक्ती त्यांनी काढली आणि १९३४ साली त्या धंद्याला म्यूझॅक हे नाव दिलं. पुढं या कंपनीनं हिशेबच मांडला. पंधरा मिनिटं संगीत, मग पंधरा मिनिटं शांतता. त्या पंधरा मिनिटांत गाण्यांचा जोर पायरीपायरीनं चढवत न्यायचा, म्हणजे कामगाराला मरगळ येत नाही आणि काम जास्त निघतं. दुसरं महायुद्ध चालू असताना, जून १९४० मध्ये, इंग्लंडच्या बीबीसी रेडिओनं कारखान्यांसाठी 'म्यूझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला. पुरुष लढाईवर गेल्यामुळे कारखान्यांत बायकांची संख्या फार वाढली होती. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास, सलग वाजणारं संगीत. बायकांना ते आवडायचंही, कंटाळवाण्या कामात तेवढीच सोबत. पण ते लावलं जायचं माल जास्त निघावा म्हणून, त्यांना विसावा मिळावा म्हणून नव्हे.

विसाव्यासाठी असलेल्या संगीताची गोष्ट एका आजाऱ्याच्या खोलीत सुरू होते.

जानेवारी १९७५. लंडनमध्ये ब्रायन ईनो नावाच्या तरुण संगीतकाराला टॅक्सीची धडक बसली. रॉक्सी म्यूझिक या गाजलेल्या बँडमधून तो आधीच बाहेर पडला होता. दवाखान्यातून तो घरी आला आणि पडून राहिला. त्याला भेटायला त्याची मैत्रीण जूडी नायलॉन आली. ती अमेरिकेची, लंडनमध्ये राहून कला आणि संगीताचं काम करणारी. येताना तिनं एक रेकॉर्ड आणली. अठराव्या शतकातलं हार्पचं संगीत होतं. हार्प म्हणजे उभं, पुष्कळ तारांचं वाद्य, दोन्ही हातांच्या बोटांनी छेडायचं.

पुढं काय झालं ते ईनोनं त्याच वर्षी निघालेल्या आपल्या 'डिस्क्रीट म्यूझिक' या रेकॉर्डच्या वेष्टणावर लिहिलं. मैत्रीण निघून गेली. त्यानं कसंबसं उठून रेकॉर्ड लावली आणि परत येऊन पडला. मग लक्षात आलं की आवाज फारच बारीक आहे आणि दोनपैकी एक स्पीकर बंद आहे. पुन्हा उठायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. हार्पचे मोठे सूर तेवढे ऐकू येत होते, बाकीचे पावसात बुडून जात होते. तसंच ऐकता ऐकता त्याला वाटलं, अरे, हीसुद्धा ऐकायची एक रीत आहे! खोलीतला उजेड, पावसाचा आवाज, तसंच हे संगीत, भोवतालाचा एक भाग होऊन राहिलेलं.

जगभर ही गोष्ट अशीच सांगितली जाते. अपघात झाला, स्पीकर बिघडला, आणि एका हुशार माणसाला नवी वाट सापडली.

जूडी नायलॉनची आठवण मात्र वेगळी आहे. ती अशी: त्या दिवशी पाऊस कोसळत होता. तिच्याकडे पैसे जेमतेम होते. आजाऱ्याकडं मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून लेस्टर स्क्वेअरच्या भुयारी रेल्वे स्टेशनमागच्या एका टपरीवरून उरल्यासुरल्या पैशात तिनं ती रेकॉर्ड घेतली. ईनोच्या खोलीत ती तिनं स्वतः लावली. बाहेर पाऊस, आत तारांचा नाजूक आवाज, म्हणून दोन्हीचा मेळ बसेल असा आवाज तिनं उभ्या जागेवरून कमी-जास्त केला. ती काय करतेय ते ईनोनं लगेच ओळखलं आणि त्यानंही मदत केली.

म्हणजे तिच्या आठवणीप्रमाणं ते चुकून झालं नव्हतं. एका बाईनं कान देऊन तो आवाज लावला होता.

खरं कुणाचं? खोलीत दोघंच होते, आणि त्यातला एक तर औषधांच्या गुंगीत असू शकेल. ईनोनं तिचं नाव लपवलेलं नाही, वेष्टणावर ते छापलेलं आहे. पण रेकॉर्ड आणून देणारी म्हणून. आपल्यालाही हे ओळखीचं नाही का? स्वयंपाक तिचा, पण कौतुक कशाचं होतं, तर 'भाजी चांगली झाली' म्हणजे भाजी आपली आपण झाली! मला विचाराल तर मी जूडीच्या बाजूची. आजाऱ्याच्या खोलीत शिरल्यावर खिडकी किती उघडी ठेवायची, आवाज किती ठेवायचा, हे जिला कळतं तिच्या हातून असं होऊ शकतं.

ईनोनं पुढं मोठं काम केलं, तेही सांगायलाच हवं. जर्मनीतल्या कोलोन विमानतळावर बसलेला असताना त्याच्या मनात आलं, इमारत एवढी सुंदर आणि इथं वाजतंय ते इतकं टाकाऊ का? विमानात बसणाऱ्याच्या पोटात आधीच गोळा आलेला असतो. त्याला धीर देईल असं काही हवं. त्यातून १९७८ साली 'म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स' तयार झालं. त्यातल्या एका तुकड्यात नुसते गळ्याचे आवाज आहेत, 'आ' एवढाच सूर लावलेले. प्रत्येक सुराच्या टेपची लांबी वेगळी. एक सूर सुमारे साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा सुमारे सव्वीस, तिसरा सुमारे तीस. तीन बैलगाड्या वेगवेगळ्या चालीनं एका रस्त्यानं निघाल्या तर त्यांच्या घुंगरांचे आवाज कधी एकत्र पडतील, कधी सुटे, आणि तसाच मेळ पुन्हा लवकर जमायचा नाही. तसंच हे. एकसारखं वाटतं, पण कंटाळा येत नाही. गाणाऱ्या तिघींची नावं रेकॉर्डवर दिलेली आहेत: क्रिस्टा फास्ट, क्रिस्टीन गोमेझ आणि इंगे त्साइनिंगर. मी ती मुद्दाम उतरवून घेतली.

आता जपान. मिदोरी ताकादा ही टोकियोची, १९५१ साली जन्मलेली, तालवाद्यं वाजवणारी बाई. १९८३ मध्ये तिनं 'थ्रू द लुकिंग ग्लास' ही रेकॉर्ड केली. मारिंबा म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, घंटा, मातीची शिट्टी, इतकंच काय शीतपेयाची बाटलीसुद्धा, एकेक वाद्य एकटीनं वाजवून तिनं थरावर थर चढवले. दोन दिवसांत काम आटोपलं. रेकॉर्ड फारशी खपली नाही. ताकादा पुढं रंगभूमीसाठी संगीत करत राहिली.

तीस वर्षांनी कुणा चाहत्यानं ती यूट्यूबवर चढवली. यूट्यूबचं गणित तुम्हाला माहीत आहे. एक संपलं की दुसरं ते आपणहून पुढं करतं. आधी काय ऐकलं, इतरांनी कुठवर ऐकलं, कुठं बंद केलं, यावरून ते ठरतं. संथ संगीत ऐकणाऱ्यांना ते ताकादाची रेकॉर्ड सुचवत गेलं, आणि लोक ती शेवटापर्यंत ऐकत राहिले. ऐकणारे लाखांवर गेले. २०१७ साली रेकॉर्ड नव्यानं छापली गेली आणि साठी ओलांडलेल्या ताकादाला युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली. यंत्रानं एका बाईचं विसरलेलं काम पुन्हा लोकांपुढं ठेवलं, हे मान्य करायलाच हवं.

पण हे यंत्र नाव पुसूही शकतं.

स्पॉटिफाय हे ॲप स्वीडनमधलं, २००८ साली सुरू झालं आणि आपल्याकडं २०१९ मध्ये आलं. तिथं 'झोप', 'शांत मन' अशा नावांच्या तयार माळा असतात. आपण माळ लावतो आणि कामाला लागतो, कोण वाजतंय ते बघत नाही. तीस सेकंद वाजलं की एकदा ऐकलं असं धरतात. तीन मिनिटांचा तुकडाही एकच आणि अर्ध्या तासाचाही एकच. मग काही लोकांनी पावसाच्या आवाजाचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून माळा भरल्या. शेवटी कंपनीनंच नियम केला की असले आवाज दोन मिनिटांपेक्षा लहान असतील तर पैसे नाहीत. २०२४ पासून आणखी एक नियम आला: वर्षात हजारदा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याला काहीच मिळत नाही. लहान कलाकाराचं यात काय होत असेल ते समजून घ्या.

लिझ पेली या अमेरिकी पत्रकार बाईंनी 'मूड मशीन' हे पुस्तक २०२५ साली काढलं. त्या लिहितात की अशा शांत संगीताच्या माळांमध्ये स्वस्तात करून घेतलेले तुकडे भरले जातात आणि त्यांवर घातलेली कलाकारांची नावं खोटी असतात. वाजवणारा खराच असतो, पण एकरकमी पैसे घेऊन निघून गेलेला. उक्त्या कामासारखंच हे. पापड लाटले आपण आणि पिशवीवर नाव व्यापाऱ्याचं.

याच्या उलट एक काम आपल्या महाराष्ट्रात झालंय, आणि त्यासाठीच मी एवढं सांगत आले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बायका, लाखाच्या वर ओव्या. त्यातल्या पुष्कळ ध्वनिमुद्रितही झाल्या. २०१७ पासून 'पारी', म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', या ओव्या इंटरनेटवर देत आहे. फोनवर फुकट ऐकता येतात. तिथं ओवीसोबत गाणारीचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो.

या महिन्याच्या बैठकीत मी त्यातल्या मुळशी तालुक्यातल्या ओव्या लावल्या. हळू आवाजात, चहा होईपर्यंत. झोप न लागणाऱ्या ताई ऐकत बसल्या. पण आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आजी दुसऱ्या ओवीलाच सरसावून बसल्या. "आमच्याकडं अशी नाही म्हणत," म्हणाल्या, आणि फोन बंद करायला लावून त्यांनी स्वतःची म्हटली. मग दुसरीला तिच्या आईची आठवली. चहा गार झाला. मी वहीच्या मागच्या पानावर ओव्या उतरवत गेले आणि प्रत्येकीपुढं नाव लिहिलं. आजींनी वही ओढून घेतली, बघितली आणि म्हणाल्या, "माहेरचं गाव पण घाल. ओवी तिथली आहे."